क्रॉस-कंट्री स्कीइंग: मराठवाड्यात राहून करावयाची तयारी आणि शरीर-मनाला होणारे लाभ

संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीच्या वाटेवर पहाटे साडेपाच वाजता दोन्ही हातांत बांबूच्या काठ्या घेऊन मी पहिल्यांदा चढू लागलो, तेव्हा रोज फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी मला थांबवून विचारले, "सर, मेंढरं कुठं सोडली?" त्या दिवशी मला नुसते हसून वेळ मारून न्यावी लागली. गुडघ्यामुळे धावणे सुटलेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने बर्फावरचा खेळ धरावा, तोही उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या मुलखात राहून, हे ऐकायला विचित्रच वाटते. परंतु क्रॉस-कंट्री स्कीइंगचे जे लाभ सांगितले जातात, त्यांतील मोठा वाटा बर्फाचा नसून हालचालीच्या रीतीचा आहे, आणि ती रीत आपल्या मुरमाड वाटेवरही अंगी बाणवता येते. बर्फावरचा आठवडा हा घरी केलेल्या बारा आठवड्यांच्या मेहनतीचा शेवटचा टप्पा आहे, असे धरून पुढील पायऱ्या सांगितल्या आहेत.

आधी खेळ नीट ओळखावा

स्कीइंग म्हटले की उतारावरून सुसाट खाली येणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तो अल्पाइन प्रकार झाला. त्यात बूट कडक असतो, टाच स्कीला जखडलेली असते आणि वर नेण्याचे काम तारेवरून चालणारा पाळणा करतो. क्रॉस-कंट्रीत बुटाचा फक्त पुढचा भाग अडकवलेला असतो, टाच मोकळी उचलली जाते, स्की अरुंद व हलक्या असतात आणि सपाट, चढाचे व उताराचे सारे अंतर स्वतःच्या हातापायांनी कापावे लागते. याचेही दोन प्रकार आहेत. क्लासिक प्रकारात दोन्ही स्की समांतर चरांतून आळीपाळीने पुढे सरकतात, तर १९८० च्या दशकात रूढ झालेल्या स्केटिंग प्रकारात त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बाहेर फाकवून रेटा दिला जातो. नवशिक्याने क्लासिकपासूनच सुरुवात करावी; स्केटिंगमध्ये पहिल्या दिवसापासून इतकी धाप लागते की शिकणे बाजूला राहते.

हा फरक मी एका वाया गेलेल्या सहलीची किंमत मोजून शिकलो. पहिल्या वर्षी एका संस्थेला दूरध्वनीवर मी केवळ "स्कीइंग शिकवता का?" एवढेच विचारले, त्यांनी "हो" म्हटले, आणि तेथे पोहोचल्यावर माझ्यापुढे टाच जखडणारे कडक बूट ठेवण्यात आले. आठवडाभर उतारावर पडण्याचा सराव करून मी परतलो. म्हणून नोंदणी करताना "टाच मोकळी राहणारा नॉर्डिक प्रकार शिकवता का, त्याच्या स्की व बूट माझ्या मापाचे आहेत का, आणि सपाटीवरचा आखलेला मार्ग उपलब्ध आहे का" हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. भारतात हा प्रकार मुख्यतः सैन्यदलांच्या खेळाडूंनी जोपासला आहे. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये जगदीश सिंह यांनी यात भारताचे प्रतिनिधित्व केले. सामान्य पर्यटकाला मात्र बहुतेक ठिकाणी अल्पाइनच शिकवले जाते.

शरीराला काय मिळते

ज्यांनी घरात उखळ-मुसळ पाहिले आहे, त्यांना या खेळातील डबल पोलिंग चटकन समजेल. मुसळाने कांडणारी बाई केवळ दंडाच्या जोरावर कांडत नाही. ती अंगाचा भार मुसळावर सोडते, कंबरेतून किंचित वाकते आणि पोट आवळते. दोन्ही काठ्या एकदम बर्फात रोवून शरीर पुढे ढकलताना नेमके हेच घडते. पायांचा रेटा त्यात मिळवला की मांड्या, नितंब, पोट, पाठ, खांदे आणि दंड असे शरीरातील जवळजवळ सर्व मोठे स्नायू एकाच वेळी ऑक्सिजन मागू लागतात आणि हृदयाला तो सर्वत्र पोहोचवावा लागतो. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर किलो वजनामागे दर मिनिटाला मिलिलिटरमध्ये मोजतात. व्यायामाची सवय नसलेल्या प्रौढ पुरुषात ती साधारणपणे ३५ ते ४५ च्या दरम्यान आढळते, तर जागतिक दर्जाच्या पुरुष क्रॉस-कंट्री स्कीपटूंमध्ये ८० च्या पुढे जाते. आपल्याला त्या आकड्याशी स्पर्धा करायची नाही. या खेळात हृदय व फुप्फुसांना चांगले वळण का लागते, एवढे त्यावरून समजले म्हणजे पुरे.

ऊर्जेचा हिशोबही करून पाहावा. ६५ किलो वजनाचा माणूस तासाभर साध्या चालीने चालला तर सुमारे २३० किलोकॅलरी खर्च होतात, तर मध्यम गतीच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये तेवढ्याच वेळात सुमारे ५८० खर्च होतात. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीविनाही ओढून घेऊ शकतो, आणि येथे एकाच वेळी इतके स्नायू कामाला लागत असल्यामुळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना ही हालचाल विशेष उपयोगी पडते. शिवाय धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीचा जो हादरा घोट्यापासून कंबरेपर्यंत जातो, तो येथे नसतो, कारण पाऊल आपटत नाही, सरकते. माझ्या गुडघ्याने हा खेळ मान्य केला तो याच कारणाने. तोल सांभाळण्याची शक्ती वयोमानाने कमी होते आणि म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. दर वेळी एका पायावर सरकत राहिल्याने त्या शक्तीलाही काम मिळते.

कंबरेचे जुने दुखणे असेल तर मात्र डबल पोलिंगचा अतिरेक ते वाढवतो. या खेळातील व्यावसायिकांतही कंबरदुखीची तक्रार बरीच आढळते.

मनाचे काय

स्वीडनमध्ये १९२२ पासून वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची स्की-शर्यत दरवर्षी मार्चच्या आरंभी भरते. तीत भाग घेतलेल्या सुमारे दोन लाख लोकांची तेथील सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना करण्यात आली, तेव्हा स्कीपटूंमध्ये नैराश्याचे निदान होण्याचे प्रमाण जवळपास निम्मे आढळले. हा आकडा वाचून हुरळून जाऊ नये, असे मला वाटते. जो माणूस ९० किलोमीटरच्या शर्यतीला नाव देतो, तो मुळातच धडधाकट आणि उमेदीचा असण्याची शक्यता अधिक, त्यामुळे स्कीइंगने नैराश्य टळले की नैराश्य नसल्यामुळे स्कीइंग झाले, याचा निवाडा अशा तुलनेतून पूर्णपणे होत नाही. तथापि नियमित व्यायामामुळे सौम्य व मध्यम नैराश्यात उतार पडतो आणि झोप सुधारते, हे इतर अनेक अभ्यासांतूनही दिसले आहे.

माझ्या अनुभवाची गोष्ट निराळी आहे. पायी वारीला गेलेल्यांना टाळाच्या ठेक्यावर चालण्याचा परिणाम ठाऊक असतो: चार-सहा मैलांनंतर पाय आपोआप पडतात आणि मनातील घरची, शेतीची, कर्जाची घालमेल थोडी दूर सरते. काठी-पाऊल, काठी-पाऊल या लयीत तसाच परिणाम होतो, पण मन पूर्णपणे मोकाट सुटत नाही, कारण पुढचा चढ, बर्फाचा कडकपणा आणि काठीची जागा यांकडे सतत लक्ष द्यावे लागते. चिंता करणाऱ्या माणसाला "विचार करू नका" असे सांगून काहीही साध्य होत नसते. त्याच्या विचारांना दुसरे काम द्यावे लागते, आणि ते काम येथे मिळते. ज्यांचे नैराश्य गंभीर आहे, झोप व भूक उडाली आहे किंवा जगण्याची इच्छा मावळली आहे, त्यांनी मात्र प्रथम मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे आणि व्यायाम उपचारांच्या जोडीने ठेवावा, त्यांच्या जागी नव्हे.

पहिली पायरी: तपासणी

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की तयारीला लागावे, म्हणजे बारा आठवड्यांनी फेब्रुवारीचा बर्फ गाठता येतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब, रक्तातील साखर आणि ईसीजी तपासून घ्यावा, व छातीत दुखणे किंवा चक्कर येणे असा पूर्वेतिहास असेल तर हृदयरोगतज्ज्ञांची लेखी संमती घ्यावी. दम्याच्या रुग्णांनी विशेष जपावे, कारण थंड व कोरडी हवा जोराने आत घेतल्यास श्वासनलिका आकसतात आणि खुद्द स्कीपटूंमध्येही हा त्रास सर्रास आढळतो. वासालोपेटच्याच स्पर्धकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात वारंवार व वेगाने ही शर्यत पूर्ण करणाऱ्यांमध्ये हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण काहीसे अधिक दिसले. वर्षानुवर्षे टोकाची सहनशक्ती ताणणाऱ्यांचा हा प्रश्न आहे. आठवड्यातून चार-पाच तास व्यायाम करणाऱ्याने त्याची धास्ती घेऊ नये, परंतु छातीत धडधड अनियमित वाटली तर ती दडवूही नये.

दुसरी पायरी: दोन काठ्या (आठवडे १ ते ४)

महागड्या काठ्यांवाचून काही अडत नाही. बुरूड आळीतून अंगठ्याएवढ्या जाडीचे, सरळ आणि वाळलेले दोन बांबू घ्यावेत. धातूच्या व कार्बनच्या काठ्या येण्यापूर्वी स्कीपटूही बांबूच वापरत असत. आपल्या उंचीला ०.६८ ने गुणले की काठीची लांबी मिळते. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला सुमारे ११२ सेंटिमीटरची काठी लागते. खालच्या टोकाला वृद्धांच्या काठीला लावतात ते रबरी बूच औषधांच्या दुकानातून आणून घट्ट बसवावे आणि वरच्या टोकाला जुन्या दप्तराच्या नायलॉन पट्ट्याचा फास करावा. मनगट या फासात खालून वर घालावे, म्हणजे मूठ उघडली तरी काठी सुटत नाही.

चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे यावा, हे तर नेहमीचेच आहे. चूक होते ती काठी टेकण्याच्या जागेत. म्हातारा माणूस आधारासाठी काठी पुढे टेकतो. येथे ती पुढच्या पावलाच्या टाचेजवळ, टोक मागे झुकलेले ठेवून टेकावी आणि हात कंबरेच्या मागे जाईपर्यंत तिला रेटावे. मागे गेल्यावर मूठ सैल सुटली पाहिजे. पहिल्या आठवड्यात दंडामागचे स्नायू आणि काखेखालची पाठ दुखली तर रीत बरोबर आहे असे समजावे. काहीच दुखले नाही तर आपण काठ्या केवळ मिरवत आहोत.

आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी ४० ते ५० मिनिटे चालावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, ते माप यात सहज भरते. गती अशी असावी की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल, पण सलग अभंग म्हणता येणार नाही. घड्याळावर नाडी पाहणाऱ्यांनी वयाला ०.७ ने गुणून ती संख्या २०८ मधून वजा करावी. पन्नाशीच्या माणसाचा कमाल ठोका त्यानुसार १७३ येतो आणि सावकाश चालीसाठी त्याचा ६० ते ७० टक्के भाग, म्हणजे साधारण १०४ ते १२१, पुरेसा असतो. रक्तदाबासाठी ठोके कमी करणारी औषधे चालू असतील तर हे गणित लागू पडत नाही. अशांनी बोलण्याच्या कसोटीवरच विसंबावे.

तिसरी पायरी: तोल आणि टेकडी (आठवडे ५ ते ८)

संपूर्ण तयारीचे मर्म या पायरीत आहे, आणि घाईत असलेले लोक नेमकी हीच वगळतात. क्लासिक स्की मधोमध कमानीसारखी वर उचललेली असते. दोन्ही पायांवर भार वाटलेला असला तर ही कमान बर्फाला टेकत नाही आणि स्की सहज सरकते. सगळा भार एकाच स्कीवर आला की कमान दबते, तिच्या तळाचा खरबरीत किंवा मेण लावलेला भाग बर्फ पकडतो आणि पुढे रेटा देता येतो. कठीण, सपाट फरशीवर हे पाहता येते: दोन्ही स्कींवर उभे राहिल्यास मधल्या भागाखालून कागद सरकतो, एका स्कीवर उभे राहिल्यास तो अडकतो. ज्याला एका पायावर पूर्ण भार टाकून उभे राहता येत नाही, त्याची स्की दर पावलाला मागे घसरते आणि तो बर्फाला दोष देतो.

म्हणून रोज दात घासताना एका पायावर उभे राहण्यापासून आरंभ करावा. नंतर त्याच स्थितीत हात पुढे-मागे झुलवावेत, आणि दोन आठवड्यांनी डोळे मिटून तेच करावे, मात्र भिंत हाताशी असू द्यावी. दाराच्या वरच्या बिजागरीला रबरी पट्टा बांधून दोन्ही हातांनी तो खाली ओढताना मुसळाची आठवण ठेवावी: आधी अंग, मग हात. पंधरा वेळा ओढण्याच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा, एवढे पुरे.

टेकडी कोणतीही चालेल. संभाजीनगरकरांना गोगाबाबा किंवा साताऱ्याचा डोंगर आहे, बीडकडच्यांना बालाघाटाच्या रांगा आहेत, आणि ज्या गावाला टेकडीच नाही तेथे तलावाचा बांध उपयोगी पडतो. आठवड्यातून एकदा, शरीर नीट तापल्यावर, चार मिनिटे इतक्या जोराने चढावे की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, मग तीन मिनिटे सावकाश उतरावे, आणि असे चार वेळा करावे. नॉर्वेतील संशोधकांनी लोकप्रिय केलेली ही रीत ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढवण्यात परिणामकारक ठरली आहे. ज्यांच्या तपासणीत काही दोष निघाला असेल, त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये.

चौथी पायरी: चाकांच्या स्की (आठवडे ९ ते १२, ऐच्छिक)

बर्फाळ देशांतील खेळाडू उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर रोलर स्की वापरतात. आपल्याकडे त्या मागवाव्या लागतात आणि स्वस्त नसतात. सामान्यतः त्यांना ब्रेक नसतो, हे वाक्य मी वाचले होते, परंतु समजले नव्हते. रविवारच्या सुनसान औद्योगिक वसाहतीतील रस्त्यावर, डोळ्यांना उतार वाटणारही नाही अशा उतारावर, मला ते समजले. शेवटी कडेच्या मुरमात उतरावे लागले आणि डाव्या तळहातातील बाभळीचा काटा तिसऱ्या दिवशी निघाला. हेल्मेट, हातमोजे व गुडघ्याचे संरक्षक असल्याखेरीज आणि पूर्णपणे सपाट, बंद रस्ता असल्याखेरीज त्यांवर उभे राहू नये. पन्नाशीनंतर प्रथमच शिकणाऱ्याने ही पायरी सोडून तिसरीच आणखी चार आठवडे करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचवी पायरी: ठिकाण आणि कपडे

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था अभ्यासक्रम घेते. उत्तराखंडात जोशीमठाजवळच्या औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटरांच्या दरम्यान आहेत. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचल्यानंतर तेथील रोपवे बंद ठेवावा लागला होता, त्यामुळे रस्त्याची व वाहनाची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे मानतात. नवशिक्याने ते टळू द्यावेत आणि फेब्रुवारीत जावे. नांदेड, परभणी, जालना वा संभाजीनगरहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली गाठणे सोयीचे पडते.

कपड्यांच्या बाबतीत आपण मराठवाड्याचे लोक हमखास चुकतो. थंडीच्या धास्तीने दोन स्वेटर आणि वर जाड जाकीट चढवतो, दहा मिनिटांत घामाने चिंब होतो, आणि थांबताच तो घाम अंगावर गार पडतो. आत घाम बाहेर टाकणारा पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर उबदार थर, आणि वर वारा अडवणारे पातळ जाकीट एवढेच असावे. सुती बनियन घरी ठेवावे. निघताना थोडी हुडहुडी भरली तर कपडे बरोबर आहेत. तोंडावर पातळ मफलर ओढावा, म्हणजे आत जाणारी हवा कोमट होते. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, म्हणून काळा चष्मा आणि हनुवटीखालीसुद्धा सनस्क्रीन हवेच. मधुमेहींनी इन्सुलिन आणि साखर मोजण्याचे यंत्र आतल्या खिशात, अंगालगत ठेवावे, कारण इन्सुलिन गोठले की निकामी होते आणि यंत्र थंडीत चुकीचा आकडा दाखवू शकते. शेंगदाणा-गुळाचा लाडूही तेथेच ठेवावा. बाहेरच्या खिशात ठेवलेला माझा लाडू दाताने फुटेना.

सहावी पायरी: बर्फावर

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांच्याही खाली आहे, हे लक्षात ठेवून पहिला दिवस केवळ विश्रांती, पाणी आणि हलके चालणे यांसाठी राखावा. डोकेदुखी व मळमळ सुरू झाली तर आणखी वर जाऊ नये, आणि लक्षणे वाढल्यास खाली उतरावे.

दुसऱ्या दिवशी काठ्या बाजूला ठेवून सपाटीवर नुसते चालावे, मग सरकावे. मुद्दाम पडून उठण्याचा सराव करावा: दोन्ही स्की समांतर, उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणाव्यात, मग गुडघ्यांवर येऊन उभे राहावे. नजर स्वतःच्या पायांकडे न ठेवता दहा-पंधरा पावलांवर ठेवावी. तिसऱ्या दिवशी काठ्या हाती घ्याव्यात. त्या घरच्या बांबूपेक्षा लांब, उंचीच्या सुमारे ८३ टक्के असतात. उतारावर स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची टोके दूर करून, आतल्या कडा बर्फात रुतवून वेग रोखायला शिकल्याशिवाय कोणताही लांब मार्ग धरू नये. पडताना काठी मुठीत घट्ट धरली तर अंगठ्याचा सांधा दुखावतो, म्हणून तोल गेला की मूठ उघडावी.

चौथ्या किंवा पाचव्या दिवशी एक क्षण असा येतो की एका रेट्यानंतर स्की अपेक्षेपेक्षा हातभर अधिक सरकते आणि दुसरा पाय घाई न करता थांबून राहतो. माझ्या बाबतीत तो दुपारी अडीचच्या सुमारास, देवदारांच्या सावलीतून उन्हात येताना आला, आणि दात घासताना एका पायावर काढलेल्या आठवड्यांचे चीज झाले.

परतल्यावर

घरी आल्यावर दुसऱ्या व तिसऱ्या पायरीकडे परत यावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातपूर्वी व्यायाम आटोपावा, पाण्यासोबत चिमूटभर मीठ व साखर घ्यावी आणि टेकडीवरच्या जोरकस फेऱ्या जूनच्या पहिल्या पावसापर्यंत बंद ठेवाव्यात. काठ्यांची रबरी बुचे अधूनमधून पाहावीत. ती झिजली की बांबू डांबरावर टकटक वाजू लागतो, तेव्हा बदलावीत. दोन्ही बुचे सारखी झिजत नसतील तर ज्या बाजूचे बूच शाबूत आहे तो हात रेटा न देता नुसता सोबत फिरतो आहे असे समजावे. माझ्या डाव्या काठीचे बूच अजूनही उजवीच्या दुप्पट टिकते.